माशाच्या पोटातला साक्षीदार : खोल समुद्रातली म्हाकूळ आणि आपलं अनुमान



सोलापुरात उभं राहून समुद्रावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. इथून समुद्र बघायचा तर रात्रीची गाडी धरावी लागते, सकाळी मुंबईला उतरावं लागतं, आणि तिथे जो दिसतो तो तरी काठच असतो. त्यातून आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. प्राणिशास्त्राशी आमचा संबंध अकरावीत बेडूक कापला तेवढाच, आणि तोही शेजारच्या मुलाने कापला, आम्ही बघत होतो. तेव्हा आज आम्ही हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

बरीच वर्षं आम्ही वर्गात अनुमान शिकवलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. फळ्यावर डोंगर काढायचा, त्यावर खडूने धूर काढायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, डोंगरावर धूर दिसला तर चढून जाऊन अग्नी बघता येतो. मग अनुमान कशाला? जिथे जाताच येत नाही, तिथलं एखादं उदाहरण सांगा ना." आम्ही त्या वेळी आत्मा, परमाणू वगैरे सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर आमचं आम्हालाच पटलं नव्हतं. निवृत्तीनंतर वाचता वाचता जे उदाहरण सापडलं, ते आज त्या मुलीसाठी आणि तुमच्यासाठी आणलं आहे.

प्रश्न असा. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, खुल्या समुद्रात, कितीतरी जातींच्या म्हाकुळी आणि ऑक्टोपस राहतात. म्हाकूळ म्हणजे इंग्रजीत ज्याला स्क्विड म्हणतात ती. कोकणात माकूल म्हणतात, गोव्याकडे माणक्यो म्हणतात, आणि बाजारात तिच्या चुलत भावंडांनाही तेच नाव लावतात. तुम्ही म्हणाल, सोलापूरकराला याचं काय? तर तुमच्या घरात कदाचित तिच्या एका चुलत भावंडाचं हाड असेल. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो बघा, पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा. पोपटाच्या पिंजऱ्यातही लावतात. तो फेस नव्हे. तो कटलफिश नावाच्या शीर्षपाद प्राण्याच्या अंगातला आधार आहे. शीर्षपाद म्हणजे ज्यांचे पाय डोक्यालाच फुटलेले असतात ते. म्हाकूळ, कटलफिश, ऑक्टोपस हे सगळे त्या कुळातले. आमच्या आजीने समुद्रफेन उगाळून कानात घातला होता, त्या वेळी तिला किंवा आम्हाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

पण कटलफिश हा काठाचा प्राणी. आपला विषय खुल्या समुद्रातल्यांचा आहे, आणि तिथे अडचण सुरू होते. हे प्राणी मोजायचे कसे? बघायचे कसे?

जाळं टाका, असं आपण सहज म्हणू. शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षं जाळी टाकली. पण म्हाकुळीचा डोळा फार मोठा आणि फार चांगला. ती पाण्याचा झोत सोडून उलटी पळते, क्षणात दिशा बदलते. संशोधनाचं जाळं जहाजामागे सावकाश ओढलं जातं. त्यात काय सापडतं? पिल्लं, दुबळी, मंद पोहणारी. मोठ्या, तगड्या म्हाकुळी जाळं येताना बघतात आणि बाजूला होतात. म्हणजे जाळ्यात आलेल्या मालावरून "समुद्रात बारीकच म्हाकुळी आहेत" असं कुणी म्हटलं, तर ते रविवारी शाळेत जाऊन "या गावात मुलं नाहीत" म्हणण्यासारखं झालं.

खोल समुद्रात उतरणारे कॅमेरे आहेत. पण त्यांचा उजेड, आवाज या प्राण्यांना कळतो. महाकाय म्हाकूळ, शास्त्रीय नाव आर्किट्यूथिस. तिचं नामकरण डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी १८५७ साली केलं, आणि हाताशी मुख्य पुरावा काय होता, तर किनाऱ्याला लागलेल्या एका जनावराची चोच. जिवंतपणी तिच्या घरात तिचे फोटो मिळाले ते २००४ साली, जपानी संशोधकांना. म्हणजे नाव ठेवल्यावर जवळजवळ दीडशे वर्षांनी तोंड दिसलं. आपल्याकडे असं लग्न कुणी जमवलं असतं का, सांगा.

मग या प्राण्यांची माहिती मिळाली कुठून? ज्यांना त्या पकडता येतात त्यांच्याकडून. माणसाला येत नाही, पण कुप्याला येते, तलवार माशाला येते, देवमाशाला येते. तेव्हा शास्त्रज्ञांनी सरळ मार्ग सोडला आणि शिकाऱ्याचं पोट उघडून बघायला सुरुवात केली.

याची एक गोष्ट फार नामी आहे. मोनॅको नावाच्या चिमुकल्या संस्थानाचे राजे, पहिले आल्बेर, यांना समुद्राचं वेड होतं. १८९५ साली अझोर्स बेटांपाशी ते आपल्या जहाजावर असताना देवमासे मारणाऱ्यांनी एक स्पर्म व्हेल मारला. मरताना त्याने पोटातलं बाहेर टाकलं. राजेसाहेबांनी काय करावं? ते सगळं गोळा करायला लावलं. त्यात अंगावर खवले असलेली म्हाकूळ निघाली. म्हाकुळीला खवले! कुणी ऐकलं नव्हतं. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई झुबँ यांनी त्याच वर्षी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि राजघराण्याच्या ग्रिमाल्दी या नावावरून तिला लेपिडोट्यूथिस ग्रिमाल्डी असं नाव दिलं. एका राजघराण्याचं नाव देवमाशाच्या ओकारीतून निघालेल्या प्राण्याला लागलं आणि राजाला त्यात मानच वाटला. आमच्या दृष्टीने हा माणूस खरा जिज्ञासू.

पुढे १९२५ साली रॉबसन यांनी फॉकलंड बेटांजवळच्या एका स्पर्म व्हेलच्या पोटातून मिळालेल्या बाहूंच्या दोन गुच्छांवरून आणखी एक प्रचंड म्हाकूळ ओळखली. हिला इंग्रजीत कलॉसल स्क्विड म्हणतात. वजनाने ही आर्किट्यूथिसपेक्षाही भारी. तिचं पिल्लू तिच्या स्वतःच्या पाण्यात जिवंत चित्रित झालं ते २०२५ च्या मार्चमध्ये, दक्षिण सँडविच बेटांपाशी, सुमारे सहाशे मीटर खोलीवर, आणि ते होतं जेमतेम तीस सेंटिमीटरचं. १९२५ ते २०२५. शंभर वर्षं आपण एका प्राण्यावर विश्वास ठेवला, आणि तो विश्वास देवमाशाच्या पोटावर होता.

आता पोटात नेमकं काय उरतं ते बघू. म्हाकुळीचं अंग मऊ, हाड नाही. माशाच्या पोटात ते काही तासांत विरघळायला लागतं. पण तिच्या तोंडात एक चोच असते. पोपटाच्या चोचीसारखी, फक्त उलटी. पोपटाचा वरचा भाग खालच्यावर येतो, म्हाकुळीचा खालचा भाग वरच्याला बाहेरून झाकतो. ही चोच कायटिन आणि प्रथिनं यांची बनलेली असते. झुरळाचं कवच ज्या जातीच्या पदार्थाचं असतं, त्यातलाच हा प्रकार. टोकाला काळीकुळकुळीत आणि टणक, मागे जाईल तशी मऊ आणि पारदर्शक. टणक वस्तू मऊ तोंडात थेट बसवली तर स्वतःचंच तोंड फाटेल, म्हणून ही पायरीपायरीने मऊ होत जाते. कायटिन पचत नाही. म्हणून माशाच्या पोटात मांस गेलं, डोळे गेले, बाहू गेले, तरी चोच राहते.

आणि चोच बोलते. इंग्लंडचे माल्कम क्लार्क १९५० च्या दशकात देवमासे मारणाऱ्या एका जहाजावर निरीक्षक म्हणून गेले, आणि तिथून चोचींच्या मागे लागले ते आयुष्यभर. एकेका स्पर्म व्हेलच्या पोटात हजारो चोची निघत. १९८६ साली त्यांनी चोचीवरून जात ओळखण्याची हस्तपुस्तिका काढली. खालच्या चोचीचं टोक, तिचे पंख, तिच्या बाजूच्या भिंतीवरची घडी, यावरून कुळ ओळखायचं, बऱ्याचदा जातही. मग त्या टोकाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची. त्या त्या जातीच्या ज्या म्हाकुळी पूर्ण मिळाल्या असतील, त्यांच्यावरून चोच आणि वजन यांचं समीकरण आधीच बांधलेलं असतं. त्यात आकडा घातला की गेलेल्या जनावराचं वजन मिळतं. पंखांवर रंग कितपत चढला आहे, यावरून ते पोर होतं की वयात आलेलं, याचाही अंदाज येतो.

वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, "व्हेल माशाची उलटी जप्त, अमुक कोटींचा माल". रत्नागिरीत, मुंबईत, कधी आपल्या भागातही. ते अंबर. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, आणि त्यात म्हाकुळीच्या चोची रुतलेल्या सापडतात. न पचलेल्या चोचींशीच त्याच्या तयार होण्याचा संबंध लावला जातो. त्याचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. पण पुढच्या वेळी बातमी वाचाल तेव्हा किंमतीबरोबर चोचीही आठवा.

देवमासा हा मासा नव्हे, हे तुम्ही मनात म्हणालाच असाल. आता देवमासे मारणं जवळजवळ थांबलं, ते बरंच झालं. म्हणून अभ्यास वळला खऱ्या माशांकडे, जे माणूस रोज पकडतोच आहे. कुपा, ज्याला मुंबईकडे गेदर म्हणतात, इंग्रजीत टूना. तलवार मासा. आणि तिसरा एक, ज्याचं आपल्याकडे नावही कुणी घेत नाही, तो लॅन्सेटफिश, अलेपिसॉरस. लांबट, मोठ्या दातांचा, पाठीवर शिडासारखा पर, मांस पाणचट, बाजारात किंमत शून्य. कोळी त्याला गळावरून सोडवतात आणि वैतागून फेकून देतात. पण अभ्यासकाला हा मासा म्हणजे लॉटरी. कारण तो दिसेल ते गिळतो, आपल्या भाऊबंदांनाही सोडत नाही, आणि गिळलेलं त्याच्या पोटात बराच काळ जसंच्या तसं राहतं. पचन पुढे आतड्यात होत असावं असं मानतात. त्यामुळे जे नाजूक प्राणी जाळ्यात फाटून येतात, ते याच्या पोटात साबूत मिळतात. काचेसारखे पारदर्शक ऑक्टोपस, पाण्यात तरंगत आयुष्य काढणारे, तळाला कधी न टेकणारे. आपल्याला ऑक्टोपस म्हणजे खडकात लपलेला माहीत असतो. खुल्या समुद्रातले हे ऑक्टोपस वेगळेच.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. अरबी समुद्रात एक म्हाकूळ आहे, जांभळ्या पाठीची. शास्त्रीय नाव स्थेनोट्यूथिस ओउआलानिएन्सिस. नाव जड आहे, पण अर्थ सोपा. प्रशांत महासागरातल्या ओउआलान बेटावरून, ज्याला आज कोसराए म्हणतात, १८३० साली लेसाँ या फ्रेंच माणसाने तिला नाव दिलं. ती हिंदी आणि प्रशांत महासागरभर आहे, पण तिचं राक्षसी रूप आढळतं ते मुख्यतः अरबी समुद्रात. त्यात नुसतं धडच साठ सेंटिमीटरच्या वर जातं. शास्त्रज्ञ त्या धडाला प्रावार म्हणतात. पाठीवर उजेड देणारा ठिपका. पाण्याबाहेर उडी मारून थोडं अंतर तरंगतसुद्धा जाते. आयुष्य सुमारे वर्षभराचं. तोल सांभाळणारा बारीक खडा तिच्या डोक्यात असतो, त्यावर रोज एक वलय चढतं, ती वलयं मोजून हे समजलं. म्हणजे आपल्या एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत ती जन्मते, वाढते, अंडी घालते आणि जाते.

आणि ती राहते कुठे? अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू अगदी थोडा असतो. जगात असे पट्टे थोडे, आणि त्यातला हा एक फार मोठा. दिवसा ही म्हाकूळ त्या गुदमरत्या थरात उतरून राहू शकते, रात्री वर येऊन शिकार करते. पोलिस जिथे जात नाहीत अशा गल्लीत राहणाऱ्यासारखं.

मुंबईत भारतीय मत्स्य सर्वेक्षण नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. १९४६ साली खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. तिची जहाजं लाँगलाइन टाकतात, म्हणजे कित्येक किलोमीटर लांब दोर, त्याला ठरावीक अंतरावर गळ. या गळांना लागलेल्या माशांची पोटं तपासून सिजो वर्गीस, सोमवंशी आणि दळवी यांनी पूर्व अरबी समुद्रातल्या मोठ्या भक्षक माशांच्या आहारावर २०१४ साली हायड्रोबायॉलॉजिया या नियतकालिकात लेख लिहिला. पश्चिम हिंदी महासागरात पोतिये आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी लॅन्सेटफिश, तलवार मासा आणि पिवळ्या पराचा कुपा या तिघांच्या पोटांचा अभ्यास २००७ साली छापला. या अभ्यासांत दोन पात्रं पुन्हा पुन्हा भेटतात, एक आपली जांभळ्या पाठीची म्हाकूळ आणि दुसरा खुल्या पाण्यात थव्याने पोहणारा एक खेकडा, चॅरिब्डिस स्मिथी.

आम्हाला त्यात सगळ्यात आवडलं ते हे, की शिकारी एकाच समुद्रातले असूनही ताटं वेगळी. तलवार मासा दिवसा खूप खोल जातो, रात्री वर येतो, म्हाकुळीवर त्याचा भर. पिवळ्या पराचा कुपा बहुतेक वेळ वरच्या थरात, त्याचं ताट निराळं. लॅन्सेटफिशचं तिसरंच. एकाच गुन्ह्याचे तीन साक्षीदार, एक गच्चीवरचा, एक जिन्यातला, एक तळघरातला. तिघांच्या जबान्या जुळत नाहीत म्हणून कुणी खोटं ठरत नाही. जुळत नाहीत म्हणूनच घराचा नकाशा मिळतो.

आता आम्ही आमच्या घरच्या मैदानात येतो.

न्यायदर्शनात अनुमानाचा एक प्रकार आहे, शेषवत्. कार्य बघून कारण ओळखायचं. वात्स्यायनांचं उदाहरण नदीचं आहे. नदी भरून, वेगाने वाहते आहे, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. आपल्याला हे शिकवायला नको. पंढरपुरात आभाळ कोरडं असतं आणि चंद्रभागा घाटाच्या पायऱ्या चढते. आपण म्हणतो, पुण्याकडे झोडपलंय. माशाच्या पोटात चोच, म्हणजे समुद्रात म्हाकूळ. तीच रीत.

पण गौतमांनी दुसऱ्या अध्यायात स्वतःच्याच मतावर तीन आक्षेप मांडून ठेवले आहेत, आणि आम्ही वीसएक वर्षं ते शिकवताना, खरं सांगतो, घाईने उरकले. पूर्वपक्षी म्हणतो : एक, नदी भरलेली दिसेल ती पुढे बांध पडला म्हणूनही. दोन, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असं म्हणता, पण कुणी त्यांचं वारूळ मोडलं असेल. तीन, मोराचा आवाज आला म्हणता, पण कुणी माणूस मोरासारखा ओरडला असेल. तेव्हा अनुमान भरवशाचं नाही. थोडक्यात रोध, उपघात आणि सादृश्य.

मंडळी, पोटाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांसमोर नेमके हेच तीन दगड आहेत. आम्ही ओढूनताणून जुळवत नाही, तुम्हीच बघा.

पहिला रोध. मासा खाल्लेला असो की म्हाकूळ, मांस काही तासांत पुढे जातं. माशाच्या हाडांचा, कानातल्या खड्यांचाही पोटातल्या आम्लात चुरा होतो. पण चोची पोटाच्या घड्यांत अडकून बसतात, दिवसच्या दिवस. मग पोट उघडल्यावर दिसतात दहा चोची आणि एक मासा. यावरून "हा दहा म्हाकुळींमागे एक मासा खातो" म्हणाल तर फसाल. चोची दहा दिवसांच्या आहेत आणि मासा आज सकाळचा. उजनीच्या भिंतीमागे पाणी साठतं, ते बघून "आज इथे एवढा पाऊस पडला" म्हणण्यासारखं ते झालं.

दुसरा उपघात, म्हणजे बघणाऱ्यानेच केलेली ढवळाढवळ. गळाला आमिष काय लावतात? बांगडा, तारली, किंवा चक्क म्हाकूळ. ती माशाच्या पोटात जाते, आणि आपण ती मोजून बसतो! शिवाय गळाला लागतो तो भुकेला मासा. पोट भरलेला आमिषाकडे बघत नाही. काही मासे ओढून वर घेताना ओकतात. म्हणजे रिकामं पोट ही समुद्राची बातमी की आपल्या ओढाताणीची?

तिसरा सादृश्य. चोचीसारखी चोच. जवळच्या जातींच्या चोची, त्यातून पोरवयातल्या, एकमेकींसारख्या दिसतात. आणि तुकडा बघून अख्खा प्राणी ठरवण्यात तर थोर माणसंही घसरली आहेत. आर्गोनॉट नावाचा खुल्या समुद्रातला ऑक्टोपस आहे, मादी पातळ कागदासारखं कवच करते. नर अगदी चिमुकला. त्याचा एक बाहू बीज घेऊन मादीच्या अंगात तुटून राहतो. तो तिथे वळवळताना सापडला, आणि १८२९ साली कुविएसारख्या शरीररचनाशास्त्राच्या मेरुमणीने तो परजीवी किडा समजून त्याला स्वतंत्र नाव देऊन टाकलं, हेक्टोकोटिलस. नवऱ्याचा हात, आणि नाव ठेवलं जंताचं. ते नाव आजही त्या बाहूला चिकटलेलं आहे.

याला गौतम-वात्स्यायनांचं उत्तर काय? ते म्हणतात, चूक अनुमानाची नाही, अनुमान करणाऱ्याची. पावसाने आलेला पूर आणि बांधाने तुंबलेलं पाणी एकसारखं नसतंच. पुराच्या पाण्याला वेग असतो, फेस असतो, त्यातून फळं, पानं, लाकडं वाहत येतात. नुसतं "पाणी वाढलं" एवढंच लिंग धरू नका, पुराचं पूर्ण लक्षण धरा. खऱ्या मोराचा आवाज माणसाला कळला नाही तरी सापाला कळतो, असंही तिथे म्हटलं आहे, कारण सापाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

आणि आता प्रयोगशाळेत काय करतात बघा. चोची दोन ढिगांत वेगळ्या करतात. ज्यांच्याभोवती मांस अजून आहे, कडा पारदर्शक आणि अखंड आहेत, त्या ताज्या. ज्या घासून बोथट झाल्या, कडा झिजल्या, त्या साठलेल्या. वजनाचा हिशोब करताना फक्त ताज्या धरतात. पोतिये यांच्या अभ्यासात असंच केलेलं आहे. फेस आणि पानं बघणं म्हणजे हेच. आमिषाचा तुकडा कापलेल्या कडेवरून, गळाच्या खुणेवरून ओळखून बाजूला काढतात. चोच शंकास्पद असेल तर जातीचं नाव न देता कुळावर थांबतात. हे थांबणं आम्हाला फार मोलाचं वाटतं. आमच्या क्षेत्रात लोक थांबत नाहीत.

एक आक्षेप मात्र गौतमांच्या यादीत नाही. कुप्याने मासा खाल्ला, त्या माशाने आधी बारीक म्हाकूळ खाल्लेली होती. तिची चोच कुप्याच्या पोटात आली. कुप्याने ती म्हाकूळ पाहिलीही नव्हती. ऐकीव साक्ष म्हणतात कोर्टात, तशी ही ऐकीव चोच. ती शोधायची तर गिळलेल्या माशाचं पोट वेगळं उघडावं लागतं.

मोजण्याचीही गंमत आहे. समजा, एका पोटात चाळीस खेकडे निघाले, प्रत्येकी ३ ग्रॅमचे. दोन मासे, ५० ग्रॅमचे. आणि एक म्हाकूळ, ५०० ग्रॅमची. हे उदाहरण आमचं, फळ्यावरचं. संख्येने मोजा : त्रेचाळीसमध्ये एक, म्हाकूळ सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, नगण्य. वजनाने मोजा : ७२० ग्रॅममधले ५००, जवळजवळ ६९ टक्के, तीच सर्वस्व. तिसरी रीत म्हणजे शंभरातल्या किती पोटांत ती निघाली. तिन्ही आकडे खरे. म्हणून चांगला अभ्यासक तिन्ही छापतो. एकच छापणाऱ्याकडे संशयाने बघावं, समुद्राच्या बाबतीत आणि निवडणुकीच्याही.

आता हे सगळं कशासाठी? नुसता बुद्धीचा व्यायाम असता तरी आम्ही आलो असतो. पण इथे प्रत्यक्ष काहीतरी पणाला लागलेलं आहे. २०१५ नंतर अरबी समुद्राच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात, ओमान आणि आपल्या हद्दींच्या पलीकडे, याच म्हाकुळीसाठी परदेशी जहाजांचा ताफा झपाट्याने वाढला. रात्री प्रखर दिवे लावतात, म्हाकूळ उजेडाकडे येते, गळांनी ओढतात. उपग्रहाच्या चित्रांत समुद्रात एखादं शहर वसल्यासारखं दिसतं. कुप्याच्या मासेमारीवर देखरेख ठेवणारा हिंदी महासागराचा आयोग आहे, भारत त्याचा सदस्य आहे. पण त्याच्या यादीत कुपा आणि त्याच्यासारख्या सोळा जाती आहेत. म्हाकूळ त्यात नाही. म्हणजे कुपा किती धरायचा यावर देश भांडतात, आणि कुप्याचं ताट कोण किती उचलून नेतो, याचा हिशोब ठेवायला कुणी बसलेलं नाही.

वर्षभर जगणारा प्राणी लवकर भरून निघतो, असं एक म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की त्याची मागच्या वर्षाची शिल्लक नसते. एक पिढी हुकली की खातं रिकामं. अशा वेळी जुन्या पोटांच्या नोंदी फार कामाच्या. दहा वर्षांपूर्वी तलवार माशाच्या पोटात किती म्हाकूळ होती, केवढी होती, आणि आज किती आहे. जहाजं आपली पकड खरी सांगतीलच असं नाही. मासा खोटं बोलत नाही, फक्त त्याचं बोलणं नीट ऐकावं लागतं.

वेळ होत आला, एकदोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : आता डीएनए तपासणी आली आहे. मग चोचीची गरज काय?)

चांगला प्रश्न. डीएनएने पोटातल्या लगद्यातूनही जात ओळखता येते, आणि आमचा तिसरा आक्षेप, सादृश्याचा, बराच कमी होतो. पण डीएनए सांगतं "कोण", ते "केवढी" सांगत नाही. ती एक मोठी होती की शंभर पिल्लं, हे चोचच सांगते. आणि चोचीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चोच हळूहळू, थरांनी वाढते. तिच्यातल्या नायट्रोजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण तपासलं, तर ती म्हाकूळ अन्नसाखळीत कोणत्या पायरीवर होती ते कळतं. शेरेल आणि हॉबसन यांनी २००५ साली हे भक्षकांच्या पोटांतल्या चोचींवर करून दाखवलं. म्हणजे खाल्ल्या गेलेल्याने काय खाल्लं होतं, तेही उरलेल्या चोचीतून. दोन पिढ्यांची जबानी एकाच वस्तूत.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, पण यासाठी इतके मासे मारायचे हे बरोबर आहे का?)

हा प्रश्न आमच्या विषयाचा आहे, आणि आम्ही तो टाळणार नाही. केवळ पोट बघायला मासा मारायचा असेल, तर आमचं उत्तर बहुतेक वेळा नाही असं आहे. पण बहुतेक अभ्यासांत मासा आधीच धरलेला असतो, बाजारासाठी किंवा सर्वेक्षणासाठी. जहाजावर तो साफ करतात, मांस बर्फात जातं आणि पोट, आतडी समुद्रात फेकतात. अभ्यासकाची विनंती एवढीच असते, की ते फेकू नका, या पिशवीत टाका, वर चिठ्ठी लावा : कुठे सापडला, किती वाजता, केवढा होता. लॅन्सेटफिशचं तर सगळं अंगच फेकलं जातं. त्यासाठी खलाशाशी गोडीत राहावं लागतं, चहा पाजावा लागतो. आम्हाला सांगितलं गेलं, की पहिल्या फेरीत खलाशी हसतात, आणि तिसऱ्या फेरीपासून स्वतःच हाक मारतात, "साहेब, या, आज पोटात काहीतरी नवीन आहे."